उघड्या दारातली साक्ष

मी कोर्टात नोकरी करते म्हटलं की लोक आधी विचारतात, "वकील आहात का?" नाही म्हटलं की लगेच पुढचं, "मग आमची एक केस अडकलीय, जरा बघता का?" अरे बाबांनो, मी शिरस्तेदार आहे. मॅजिस्ट्रेट वर उंचावर बसतात ना, त्यांच्या पुढ्यात खाली टेबल टाकून जी बाई फायली वर देते, खाली घेते, पुढची तारीख सांगते आणि दिवसभर सगळ्यांची बोलणी खाते, ती मी. निकाल माझ्या हातात नसतो. माझ्या हातात फार तर पंख्याचं बटण असतं, आणि तेही चालत नाही. कोर्ट कुठलं ते सांगणार नाही. घाटकोपर-मुलुंडच्या बाजूचं आहे, एवढं पुरे. जास्त बोलले तर मेमो येईल, आणि त्याचं उत्तर मलाच टाइप करावं लागेल.

स्वभाव माझा तापट आहे. पण एकाच केसमधला एक माणूस येऊन म्हणतो, "मॅडम, जवळची तारीख द्या ना," आणि तो वळला की दुसरा येऊन म्हणतो, "मॅडम, लांबची द्या ना यार." हे रोज ऐकून कुणाचंही डोकं फिरेल. घरी दिंडोशीला पोचेपर्यंत माझा पारा उतरलेला असतो, असं मला वाटतं. घरच्यांचं मत वेगळं आहे.

तर आमच्या कोर्टात आधुनिकीकरण आलं ते टेम्पोतून. खोक्यांवर खोकी. मोठे टीव्ही, कॅमेरे, स्कॅनर, आणि काय काय. लिफ्ट बंद होती, म्हणून सगळं आधुनिकीकरण हमालांच्या डोक्यावरून जिन्याने वर चढलं. पाठोपाठ परिपत्रक आलं, की यापुढे कामकाज कागदविरहित करायचं. परिपत्रक जाडजूड होतं, सोबत परिशिष्टं. मी त्याची वेगळी फाइल उघडली. पुढे त्याची शुद्धिपत्रकं येत गेली, स्मरणपत्रं येत गेली, आणि आता ती फाइल कपाटात मावत नाही म्हणून कपाटावर ठेवलीय.

दाराबाहेर फलक लागला. आधी आमचा शिपाई पुकारा करायचा. काय आवाज होता त्याचा! खालच्या झेरॉक्सवाल्याकडे उभा असलेला पक्षकार दचकून धावत यायचा. आता फलकावर नुसता केसचा नंबर उमटतो, आणि लोकांना स्वतःचा नंबर ठाऊक नसतो. ते फलकाखाली उभे राहून आमच्या शिपायाला विचारतात, "दादा, माझं नाव कधी येणार?" मग तो आपला आधी फलक वाचतो आणि मग पुकारा करतो. काम दुप्पट झालं. शिवाय दाराशेजारी तो काळ्या ठिपक्यांचा चौकोन चिकटवला, मोबाइल धरला की केसची माहिती दिसते तो. नेमका शेजारी चहावाल्याने आपला चौकोन चिकटवलेला. लोक तारीख बघायला जायचे आणि कटिंगचे पैसे भरून यायचे. चहावाल्याने तक्रार कधीच केली नाही.

हे सगळं खरं, पण आमच्या मॅडम मनापासून करायच्या. मॅडम म्हणजे आमच्या मॅजिस्ट्रेट. वयाने माझ्या मुलीएवढ्या, पण वर खुर्चीत बसल्या की मी खाली आपोआप ताठ बसायची. कुणी हेलपाटे घालतंय हे त्यांना बघवायचं नाही. "अहो, यंत्रं आलीत ती कशासाठी? लोकांचे पाय वाचावेत म्हणून ना?" असं त्या म्हणायच्या. मला त्या बोलण्याचं हसू यायचं. पुढे जे झालं त्यानंतर येईनासं झालं.

केस घरगुती छळाची होती. घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीतली एक बाई. नवऱ्याने मारहाण करायची, घरातून बाहेर काढायचं, आणि आता तर राहती खोलीच विकायला काढलेली. तिचं मागणं एवढंच, की मला आणि माझ्या लेकरांना त्या खोलीतून कुणी हाकलू नये. नवरा म्हणत होता, हे सगळं खोटं आहे, मी बोटसुद्धा लावलेलं नाही. शेजारी "आम्ही काही पाहिलं नाही" म्हणून मोकळे झाले, कारण उद्या त्याच गल्लीत राहायचंय. साक्षीदार उरली एकच, आणि ती कोण? त्या नवऱ्याची सख्खी आई. सुनेच्या बाजूने, पोटच्या पोराविरुद्ध. मॅडमनी अर्ज दोनदा वाचला. मीही वाचला.

पण म्हातारी येणार कशी? खुब्याचं हाड मोडलेलं, बिछान्यावरून उठता येत नाही. डोंगराच्या पायऱ्या उतरायच्या, मग रिक्षा, मग आमचा तो जिना. एकदा चौघांनी खुर्चीत बसवून आणायचं ठरवलं तर अर्ध्या पायऱ्यांवरच कळवळायला लागल्या, परत नेलं. तारखा पडत गेल्या. त्यात उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर मॅडमची बदली होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. नवे साहेब येणार, त्यांना फाइल वाचायला वेळ लागणार, तोवर खोली विकून झाली असती. आणि आजी तोवर असतील की नसतील, हे कुणी बोलत नव्हतं इतकंच. म्हणून मॅडमनी हुकूम काढला, की साक्ष व्हिडिओवर, साक्षीदाराच्या घरून होईल, आणि तिथे कोर्टातर्फे 'रिमोट पॉइंट कोऑर्डिनेटर' म्हणून शिरस्तेदार हजर राहतील.

एवढा मोठा हुद्दा ऐकून मी आधी फुगले. मग कळलं, डोंगर मलाच चढायचाय.

त्याआधी पवईला एका एसी हॉलमध्ये प्रशिक्षण झालं. शिकवणारा पोरगा गोड होता, सगळं "एकदम सोप्पं आहे मॅम" म्हणायचा. त्याने पडद्यावर चित्र दाखवलं. एक खोली, पांढरी भिंत, टेबल, खुर्ची, फुलदाणी. म्हणाला, साक्षीदाराच्या खोलीत दुसरं कुणी असता कामा नये, दार बंद हवं, कुणी उत्तर सुचवलं तर साक्ष बाद. मी हात वर केला. म्हटलं, "सर, अशी रिकामी खोली मुंबईत कुणाकडे असते?" हॉल हसला. तो पोरगा हसला नाही, त्याने लिहून घेतलं.

साक्षीच्या दिवशी मी पिशवीत टॅब, तो उभा करायची तिकाटणी, चार्जर, शाईचा पॅड आणि पाण्याची बाटली घेऊन डोंगर चढले. वाटेत तीन वेळा बसले आणि तिन्ही वेळा आधुनिकीकरणाला शिव्या घातल्या. वर खोली नीटनेटकी होती. भिंतीवर बुद्धाची तसबीर, मांडणीवर घासून लख्ख केलेली भांडी, कोपऱ्यात कॉटवर आजी. मराठवाड्यातून लग्न होऊन मुंबईत आल्या त्याला जमाना झाला, पण बोली तीच ठेवलेली. सून सकाळीच कोर्टात गेली होती, लेकरं शाळेत. आजींनी मला बघून पहिला प्रश्न केला, "चा पिनार का?" म्हटलं, "आजी, मी ड्यूटीवर आहे." त्या म्हणाल्या, "ड्यूटीवर चा पेत न्हाईत व्हय?" प्यायले. काय सांगणार?

टॅब पिठाच्या डब्यावर उभा केला. पडद्यावर आमचं कोर्ट दिसायला लागलं. वर मॅडम, बाजूला टायपिस्ट, पुढे दोन्ही वकील. रोज बसते ती माझी खुर्ची रिकामी. मला उगाच वाटलं, अगंबाई, माझ्यावाचून चाललंय की यांचं!

मॅडम म्हणाल्या, "कोऑर्डिनेटर, खोली दाखवा." मी टॅब हातात घेऊन सावकाश गोल फिरले. दार, मांडणी, मोरी, कॉट. मुलाचे, म्हणजे त्या नवऱ्याचे वकील चष्मा पुसून बघत होते. म्हणाले, "वर. वर पण दाखवा." वर पोटमाळा होता. मी टॅब उंच केला. मला स्वतःला काही दिसत नव्हतं, मी पडद्याकडे बघत होते, आणि पडद्यावर माळ्याच्या कडेवरून एक पाय लोंबत होता. चांगला दणकट, केसाळ पाय.

"मॅडम!" वकील उभेच राहिले. "साक्षीदाराच्या डोक्यावर माणूस आहे!"

मी किंचाळले की नाही मला आठवत नाही. कोर्टातले म्हणतात किंचाळले. आजी मात्र शांत. "त्यो व्हय? त्यो शेजारचा. सांताक्रूझला इमानतळावर रातपाळी करतो. त्येच्या घरात पोरं दंगा करत्यात, म्हून आमच्या माळ्यावर झोपतो." पाय वर गेला, तोंड खाली आलं. केस विस्कटलेले, अंगात बनियन. त्याने टॅबमध्ये मॅडमना पाहिलं, आणि हात जोडून, शिडीवरून टॉवेल सावरत उतरला. मॅडमनी विचारलं, "तुम्हाला या केसबद्दल काही माहीत आहे का?" तो म्हणाला, "नाय मॅडम, मी झोपलेलो." गेला बिचारा बाहेर, चप्पल न घालता.

"आता दार लावून घ्या," मॅडम म्हणाल्या. मी दार लावलं, वरून कडी घातली. प्रशिक्षणात सांगितलं होतं तस्सं. मनात म्हटलं, झकास. आणि तिथेच वाट लागली.

त्या वस्तीत दिवसा दार कुणी लावत नाही. पडदा सोडतात फार तर. दिवसा दार बंद म्हणजे एकतर आत भांडण चाललंय, नाहीतर मयत झालंय. भांडणाचा आवाज तर येत नव्हता. त्यातून आजी अंथरुणाला खिळलेल्या, एक अनोळखी बाई मोठी पिशवी घेऊन घाईने आत गेलेली, आणि आतला माणूस अनवाणी, कुणाशी न बोलता निघून गेलेला. गल्लीने काय समजायचं ते समजून घेतलं.

आधी दारावर हलकी थाप पडली. मग जोरात. मग समोरच्या मालवणी मावशींचा आवाज आला, "अगे बाय माझ्या, आजयेक काय झाला गे?" आणि त्यांनी सूर लावला तो असा, की शेजारणींनीही लावला. कुणी म्हणालं, सुनेला कोर्टात फोन करा. कुणी म्हणालं, मुलुंडच्या नातेवाइकांना आधी कळवा, त्यांना वेळ लागतो. एक पुरुषी आवाज खाली पायऱ्या अरुंद आहेत, कशी न्यायची, याचा विचार करायला लागला होता.

आजींनी कॉटवरून मान वळवून मला विचारलं, "कोन गेलं गं बाई?"

म्हटलं, "तुम्ही."

त्यांनी बंद दाराकडे बघितलं. मग म्हणाल्या, "मग उघड की. बघू दे तरी कोन कोन आलंय."

इकडे टॅबमध्ये वकिलांचा आवाज चढलेला. "मॅडम, हा काय प्रकार आहे? रडारड चालू आहे! साक्षीदारावर दबाव आहे! ही साक्ष घेऊच नये!" सुनेचे वकील काहीतरी बोलत होते ते ऐकू येत नव्हतं. पडद्याच्या कडेला सून उभी राहिलेली दिसली, तोंडावर हात, तिलाही वाटलं असणार. मी ओरडून सांगितलं, "जिवंत आहेत! मॅडम, साक्षीदार जिवंत आहेत!" इतक्या वर्षांच्या नोकरीत असं निवेदन मी कधी केलं नव्हतं.

कडी काढली. दारात ही गर्दी. मावशींनी आत डोकावून आजींना बघितलं आणि त्यांना आनंद व्हायच्या ऐवजी रागच आला. "मगे दार कित्याक लावलंत?" असं माझ्यावरच ओरडल्या. म्हटलं, "कायदा आहे मावशी." त्या म्हणाल्या, "कसलो मेलो कायदो! दिवसाढवळ्या दार लावन बसूचो?"

आता पेच पडला. दार लावावं तर गल्ली रडते, उघडावं तर साक्ष बाद. आज साक्ष झाली नाही तर पुढची तारीख बदलीनंतरची, हे मला माहीत होतं, सुनेला माहीत होतं, आणि मुलाच्या वकिलांना तर सगळ्यांत जास्त माहीत होतं. ते म्हणाले, "मॅडम, तारीख द्यावी, हेच बरं." लांबची मागत होते, हे सांगायला नकोच.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "वकीलसाहेब, आपलं कोर्ट चालतं तेव्हा दार बंद असतं का?"

"नाही, पण..."

"कुणीही येऊन मागच्या बाकावर बसू शकतं. मग आजींच्या घरात कोर्ट भरलंय तर दार उघडं राहू दे. लोक बाहेर पायऱ्यांवर बसतील. शिरस्तेदार त्यांच्याकडे बघत राहतील. पण एक सांगते," आणि त्यांचा आवाज बदलला, "बाहेरून एक जरी उत्तर आलं तरी मी साक्ष थांबवीन. मग ती कधी होईल ते मला सांगता येणार नाही."

मी दारात उभी राहिले आणि गल्लीला हे समजावलं. आपल्या भाषेत समजावलं. म्हटलं, "आजीला खोलीत ठेवायचंय ना? सुनेला, पोरांना ठेवायचंय ना? मग तोंडं बंद. शिंक आली तरी गिळायची." सगळे पायऱ्यांवर ओळीने बसले. माळ्यावरचा तोही टॉवेल गुंडाळून सगळ्यांत वरच्या पायरीवर बसला.

शपथेची वेळ आली. टायपिस्टने नेहमीचं वाचायला घेतलं, ईश्वराला स्मरून. आजींनी हात वर केला. "देवाचं नको बाई. खरं सांगीन म्हनते, तेवढं लिवा." मॅडम म्हणाल्या, तसंही चालतं, आजींनी नुसती प्रतिज्ञा करावी. आजींनी "मी खरं सांगीन" असं तीन शब्दांत उरकलं आणि पदर सावरून बसल्या.

सुनेच्या वकिलांचे प्रश्न झाले. आजी सांगत गेल्या. तो कधी घरी येतो, काय बोलतो, कुठल्या दिवशी ताट भिरकावलं, कधी तिला केसाला धरून गल्लीत आणलं. सांगताना आवाज चढवत नव्हत्या. मग उलटतपासणी सुरू झाली. मुलाचे वकील तयारीचे.

"आजी, हे सगळं तुम्हाला सुनेने शिकवलंय ना?"

"ती मला काय शिकवनार? भाकरी थापायला मी शिकवली तिला. अजून बी वाकडीच करती."

कोर्टात हशा झाला. सूनही हसली असावी, मला नीट दिसलं नाही.

"तुमचा मुलगा तुमची काळजी घेतो की नाही? लहानपणापासून चांगला मुलगा आहे ना तो?"

"कसलो चांगलो!" बाहेरून आलं. मालवणी मावशी!

वकील उडी मारून उठले, "बघा मॅडम, बघा!" मॅडमनी मान वर केली आणि टॅबमधून थेट माझ्याकडे पाहिलं. मी वळले. मावशींनी दोन्ही हात तोंडावर दाबले होते, डोळे भरलेले. तोंडून निघून गेलं होतं आणि आपण काय करून बसलो ते त्यांना कळलं होतं. मी एरवी त्या बाईला फाडून खाल्लं असतं. पण नुसतं बोट ओठांवर ठेवलं.

मॅडम म्हणाल्या, "तो प्रश्न आणि ते उत्तर, दोन्ही रेकॉर्डवर घेत नाही. ही शेवटची संधी." मावशींनी पदराचा बोळा केला आणि तोंडात कोंबला, लहान पोरासारखा. शेवटपर्यंत काढला नाही.

आता मुलाच्या वकिलांबद्दल एक सांगते. माणूस हुशार, पण एक प्रश्न जास्त विचारायची खोड. मी किती केसेसमध्ये बघितलंय, जिंकत आलेले असतात आणि तो एक विचारतात.

"वय झालंय आजी तुमचं. सगळं नीट आठवतं का? बरं, हाच प्रश्न घ्या. तुमचा खुबा कसा मोडला?"

पायऱ्यांवर बसलेल्या सगळ्यांना उत्तर माहीत होतं. आजी मोरीत घसरल्या. मावशींनीच त्यांना उचलून रिक्षात घातलं होतं. फाइलमधल्या डॉक्टरच्या कागदावरही तेच होतं. मी मनात म्हटलं, सांगा आजी, सोप्पं आहे.

आजी गप्प. किती तरी वेळ गप्प. मॅडमना वाटलं नेटवर्क गेलं. "आवाज येतोय का?" मी म्हटलं, "येतोय मॅडम. त्या बोलत नाहीयेत."

"मोरीत पडले म्हून सांगितलं मी समद्यांना," आजी म्हणाल्या. "डाक्टरला बी त्येच सांगितलं. सुनंला गळ घातली, येकदा बी बोलू नको कुनाला. ती न्हाई बोलली. कोर्टात बी न्हाई बोलली. पर मी आता खरं सांगीन म्हनलंय." थांबल्या. "त्यो तिला ढकलत होता. मी मधी गेले. मला ढकलायचं न्हवतं त्येला. पर पडले मी."

वकिलांनी चष्मा काढला आणि टेबलावर ठेवला. "आणखी प्रश्न नाहीत," असं म्हणाले तेही कसंबसं. मी रडले. चांगली हमसून रडले, टॅबच्या मागे तोंड करून. साक्ष चालू असताना कोऑर्डिनेटरने रडू नये असं परिपत्रकात कुठेही म्हटलेलं नाही; मी नंतर तपासलं. आणि मला राग आला होता, त्या मुलाचा, त्या खोलीचा, आणि इतके महिने ही बाई अंथरुणावर पडून हे मुकाट गिळत राहिली त्याचा. माझ्या रागाला त्या दिवशी तरी कारण होतं.

पुढचं थोडक्यात सांगते. मॅडमनी बदलीच्या आधी निकाल दिला. खोली सुनेची आणि लेकरांची राहिली, विकता येणार नाही असा हुकूम झाला, आणि नवऱ्याला तिच्या अंगावर हात टाकायला तर मनाई झालीच, पण परवानगीशिवाय त्या गल्लीत पाऊल टाकायलाही मनाई झाली. हुकूम मीच स्कॅन केला. लोकांचे पाय वाचतात म्हणायच्या मॅडम, ते खरं होतं. माझे सोडून सगळ्यांचे वाचले.

पण त्या दिवशी निकाल अजून लांब होता. टायपिस्टने साक्ष वाचून दाखवली, आजींनी सगळ्याला "बरोबर" म्हटलं. मॅडम म्हणाल्या, "झालं आजी, आता आराम करा." मी टॅब बंद करायला हात पुढे केला तर आजींनी माझं मनगट धरलं.

"बाई, ह्येच्यात त्यो दिसंल का?"

"कोण आजी?"

"माझा लेक. तारखेला आला आसंल ना त्यो?"

मॅडमनी ऐकलं. मुलाचे वकील उठायला लागले, त्यांना मॅडमनी हातानेच बसवलं, टायपिस्टला "आता काही घेऊ नका" म्हणाल्या आणि कॅमेरा फिरवायला सांगितलं. पडद्यावर भिंत सरकली, मग सुनेचा खांदा, मग मागच्या बाकावर तो. मी त्याला प्रत्येक तारखेला बघत आलेले, दर वेळी मनातल्या मनात शिव्या घालत आलेले. मान खाली घालून बसला होता.

"वर बघ रं," आजी म्हणाल्या.

त्याने बघितलं.

"वाळलास किती. जेवतो का येळंवर?"

तो बाकावरून उठला, कुणी अडवलं नाही, आणि कॅमेऱ्याच्या इतका जवळ आला की टॅबभर नुसता त्याचा चेहरा.

"आई," तो म्हणाला, "पाय दुखतो का गं?"

"दुखतो की रं," आजी म्हणाल्या. "लय दुखतो."